विसर्ग सुरू आहे

पोहण्याच्या तलावात पाणी फार झालं, या तक्रारीला कुठेही सहानुभूती मिळत नाही. घरात पाणी शिरलं तर चार माणसं धावून येतात. गाडी पाण्यात बंद पडली तर अनोळखी लोक धक्का मारतात. पण ‘आमचा स्विमिंग पूल भरून वाहतोय हो’ असं कितीही काकुळतीला येऊन सांगा, ऐकणारा ‘तुमच्याकडे स्विमिंग पूल आहे?’ इथेच अडकतो. तो धक्का ओसरला की म्हणतो, “मग पोहा की!”

जुलैतल्या लोणावळ्यात पोहायचं, हे पुण्या-मुंबईत बसलेल्यालाच सुचू शकतं. तिथे त्या दिवसांत मुद्दाम पाण्यात उतरावं लागत नाही. फाटकापर्यंत जाऊन दुधाची पिशवी आणली तरी पुरे.

बंगला आमचा आणि मेहुण्याचा, निम्मा निम्मा. तुंगार्लीच्या उतारावर, मागे अंगण आणि अंगणात तलाव. दाखवायला आलेला दलाल म्हणाला होता, “इथे पाण्याचा प्रॉब्लेम कधीच येणार नाही, साहेब.” मेहुण्याने तलाव पाहिला आणि उभ्या उभ्या भाड्याचा हिशोब मांडला. पूल असलेला बंगला शनिवार-रविवारी दुप्पट भावाने जातो, हे त्याचं म्हणणं खरंच आहे. फक्त तो जातो मार्च ते मे. हे तीन महिने तलाव मेहुणा बघतो, आणि जून ते सप्टेंबर तो माझ्याकडे येतो. भागीदारीच्या कागदात असं कुठेही लिहिलेलं नाही, पण मेहुणा ते कलमासारखं पाळतो.

तलाव ३० फूट लांब, १५ फूट रुंद, सरासरी साडेचार फूट खोल. आत सुमारे ५७ हजार लिटर पाणी. एप्रिलमध्ये बोअर तळाला जातं, तेव्हा हे पाणी टँकरने आणावं लागतं. दहा हजार लिटरचा एक, असे सहा. मग जून उजाडतो आणि तेच पाणी वरून फुकट यायला लागतं. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा या चार महिन्यांतच. आमच्या तलावाची खोली मिलिमीटरमध्ये १,३७०. म्हणजे जूनच्या आरंभी तो कोरडा असता, तर नुसत्या आकाशाने तो जवळपास तीनदा भरून दिला असता. एप्रिलमध्ये पैसे मोजून पाणी आत आणायचं आणि जुलैमध्ये पैसे मोजून ते बाहेर काढायचं, या उद्योगाला मेहुणा ‘मेंटेनन्स’ म्हणतो.

भरला तर भरला, बिघडलं कुठे, असं कोणालाही वाटेल. बिघडतं ते स्किमरपाशी. तलावाच्या काठाला, पाण्याच्या पातळीशी, एक चौकोनी तोंड असतं. पाणी त्या तोंडाच्या निम्म्यावर असेल तर तरंगणारा पालापाचोळा ते आत ओढून घेतं. पाणी खाली गेलं तर हवा ओढतं आणि पंप कोरडा पडून किंचाळायला लागतो. पाणी वर चढलं तर ते स्वतःच बुडतं आणि कामधाम सोडून देतं. मग पानं, किडे, शेजारच्या झाडाची जांभळं आणि बेडकांची कुटुंबं वरच्या वर मोकळी फिरत राहतात. त्यातच पावसाने क्लोरिन पातळ होतं आणि पाणी हिरवट मारायला लागतं. या स्किमरचं तोंड सहा इंच उंच. आकाशातून तेरा फूट पाणी पडणार आणि आम्ही ते सहा इंचांच्या बरोबर मध्यावर तोलून धरायचं, अशी एकूण अपेक्षा आहे.

“त्यासाठी ओव्हरफ्लो दिलाय ना!” असं आर्किटेक्ट म्हणाला होता. दिलाय. काठाखाली दोन इंची पाइप आहे, तो कुंपणापलीकडच्या गटारात जातो. पहिल्या पावसात तो उत्तम चालतो. दुसऱ्या पावसात त्यात एक बेडूक राहायला येतो. तिसऱ्या पावसात गटारच तुडुंब भरतं, आणि पाण्याने कुठून कुठे जायचं हे पाइपाला कोणी सांगितलेलं नसतं. बंगल्यावर मामा असतात. राखण, बाग, तलाव सगळं तेच बघतात. मी पुण्याहून फोन करतो.

“मामा, पाइपातून पाणी जातंय ना?”

“जातंय की साहेब, लय जोरात.”

“बाहेर?”

“आत.”

दुसरा उपाय पंपाचा. तलावाच्या फिल्टरवर एक हँडल असतं आणि त्याला सहा जागा असतात : फिल्टर, बॅकवॉश, रिन्स, वेस्ट, रीसर्क्युलेट, क्लोज्ड. ‘वेस्ट’वर ठेवलं की पाणी फिल्टरमध्ये न शिरता थेट बाहेर जातं. आमचा एक हॉर्सपॉवरचा पंप मिनिटाला दोनशे लिटर फेकतो. दिवसाला दोनशे मिलिमीटर पाऊस झाला तरी आमच्या तलावावर पडणारं पाणी भरतं साडेआठ हजार लिटरच्या आत. म्हणजे पंपाला पाऊण तासाचंही काम नाही. कागदावर हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. पण हँडलवरची अक्षरं उन्हापावसाने पुसली गेली आहेत, आणि मामांनी त्या सहा जागांना स्वतःचे आकडे दिले आहेत.

“मामा, वेस्टवर ठेवलंय ना?”

“तिसऱ्यावर ठेवलंय.”

“तिसरं म्हणजे कुठलं?”

“गेल्या बारीला होतं त्येच.”

रात्रभर पंप चालला. सकाळी पातळी पाहिली तर चार बोटं वर. हँडल ‘रीसर्क्युलेट’वर होतं. अख्खी रात्र तलावातलं पाणी तलावातून निघून, मोठा फेरा मारून, तलावातच परत येत होतं. विजेचं बिल तेवढं एकाच दिशेने गेलं.

या टप्प्यावर आमच्या आयुष्यात साहेब आले. उतारावर आमच्या खालचा बंगला त्यांचा. जन्मभर धरणांवर नोकरी केली आणि कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसाला सही करायला कागद मिळत नाही, तसं त्यांना अडवायला पाणी मिळत नव्हतं. आमचा तलाव पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जी टवटवी आली ती त्यांच्या घरच्यांनी कित्येक वर्षांत पाहिलेली नव्हती, असं त्यांच्या सौभाग्यवतींनीच आम्हाला सांगितलं.

साहेबांनी पहिल्या भेटीत टेप काढला. काठावर चढून, वाकून, चष्मा कपाळावर सरकवून मापं घेतली. मग तेलरंगाचा डबा मागवला आणि तलावाच्या आतल्या बाजूला फरशीवर तीन रेघा मारल्या. सगळ्यात खालची पूर्ण संचय पातळी, तिच्या वर इशारा पातळी, आणि अगदी काठाशी धोका पातळी. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे त्यांनी सांगितलं. आमच्याकडे या दोन रेघांत दोन बोटांचं अंतर होतं, कारण त्याहून जास्त तलाव शिल्लकच नव्हता.

“पाणलोट क्षेत्र किती?” त्यांनी विचारलं.

“एवढंच. तीस बाय पंधरा.”

“आणि ही भोवतालची फरशी? तिचा उतार तलावाकडे आहे. शिवाय गच्चीचा पन्हाळ इथेच पडतो. तुमचा येवा दुपटीने आहे हो!”

आपला येवा दुपटीने आहे हे कळल्यावर मला उगाचच भारदस्त वाटलं. कोयनेची साठवण १०५ टीएमसीच्या वर आहे. तिच्यात आमच्यासारखे पाच कोटींहून अधिक तलाव मावतील. पण धरण किती मोठं यावर धरणवाल्याचा रुबाब अवलंबून नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. आठवड्याभरात मी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ निवेदनं टाकायला लागलो. ‘सकाळी सहा वाजता पाणीसाठा १०२ टक्के. विसर्ग सुरू. खालच्या भागातील रहिवाशांनी सतर्क राहावे.’ त्यावर मावशी ‘भजी केली का?’ असं विचारायची. मेहुणा अंगठा दाखवायचा. खालच्या भागात एकटे साहेबच राहत होते आणि ते ग्रुपवर नव्हते, ही त्रुटी त्यांनीच माझ्या नजरेला आणून दिली.

“विसर्ग किती आहे तुमचा?”

“मिनिटाला दोनशे लिटर.”

त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. “म्हणजे क्यूसेकचा आठवा हिस्सासुद्धा नाही.”

“मग हरकत नाही ना?”

“हरकत नाही. पण पूर्वसूचना हवी.”

बायकोचं मत असं की गृहस्थांना फक्त गप्पांना कोणीतरी हवं होतं. असेलही. पण त्यांचा पुढचा सल्ला शास्त्रशुद्ध होता. जुलैमध्ये धरण काठोकाठ भरत नाहीत. पुढच्या पावसासाठी पोटात जागा ठेवतात. मोठा पाऊस येणार असं कळलं की आधीच पाणी सोडून पातळी खाली आणतात. आम्हीही तसंच करावं. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आला आणि साहेब स्वतः छत्री घेऊन वर आले. एका दिवसात २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला की तो अत्यंत मुसळधार, त्याच्या आत असेल तर नाही, हेही त्यांनी समजावलं. तो अर्धा मिलिमीटर मला आधी हास्यास्पद वाटला. मग लक्षात आलं की आमच्या तलावावर त्या अर्ध्या मिलिमीटरचं पाणीच एकवीस लिटर होतं. त्यानंतर मी सरकारी दशांशांना हसणं सोडलं.

आम्ही फूटभर पाणी सोडलं. हँडल ‘वेस्ट’वर आहे याची साहेबांनी बॅटरी लावून खात्री केली. आणि तो पाऊस महाबळेश्वरला गेला. लोणावळ्यात ऊन पडलं. नुसतं ऊन नाही, तर जुलैत ज्याची आठवणही राहत नाही असं पिवळंधमक ऊन, आणि ते हटेना. स्किमर हवा ओढायला लागला, पंप किंचाळायला लागला, आणि नेमक्या त्याच आठवड्यात मेहुण्याने ‘मॉन्सून स्पेशल’ म्हणून बंगला एका मोठ्या कुटुंबाला भाड्याने दिला. त्यांना हिरवट पाणी चालणार नव्हतं. फिल्टर चालवायला पातळी हवी, पातळीला पाऊस हवा, आणि तो सातारा जिल्ह्यात.

मी टँकरवाल्याला फोन केला.

“एक टँकर पाहिजे.”

“कुठं?”

“लोणावळा. तुंगार्ली.”

पलीकडे बराच वेळ शांतता. “साहेब, जुलै चालू आहे.”

“माहीत आहे.”

“भुशी डॅम भरून वाहतोय. लोक पायऱ्यांवर बसून भिजतायत.”

“तुम्ही टँकर पाठवता का?”

“पाठवतो की. पण रात्रीचा पाठवतो. दिवसा लोक बघतील.”

टँकर रात्री आला, दिवे बारीक करून. मामांनी पाइप लावला. शेवटचे हजारभर लिटर तलावात पडत असताना ड्रायव्हरच्या काचेवर पहिले थेंब वाजले. तो काहीच बोलला नाही. पैसे मोजून घेतले आणि वायपर चालू करून निघून गेला.

त्यानंतर जो पाऊस लागला त्याला खंड म्हणून नव्हता. मोजायचीही सोय नव्हती, कारण पाऊस मोजायला साहेबांनी अंगणात ठेवलेला डबाच वाहून गेला. इशारा पातळी दिसेनाशी झाली, मग धोका पातळी. भाडेकरू कुटुंब खिडकीत बसून मक्याची कणसं खात ‘व्वा!’ म्हणत होतं. मी रेनकोट घालून पंपाच्या खोलीकडे धावलो. ही खोली म्हणजे तलावाशेजारी जमिनीत घेतलेला खड्डा आहे. पंपाला पाणी आपोआप मिळावं म्हणून तो तलावाच्या पातळीच्या खाली बसवतात. शास्त्र म्हणून हे बरोबरच आहे. पण तलाव काठावरून वाहायला लागला की ते पाणी सर्वांत आधी कुठे जाणार, तर त्याच खड्ड्यात. पाणी उपसायचा पंप पाण्याखाली गेला होता. तो चालू करायचं धाडस मी करणार एवढ्यात लाईटच गेली, त्यामुळे आज हा लेख लिहू शकतो आहे.

विजेबद्दल इथे थोडं बोललं पाहिजे. आमच्या डोंगरावर जो ढग रिकामा होतो, त्याच जातीच्या ढगांचं पाणी टाटांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी वळवण आणि लोणावळ्याच्या तलावांत अडवलं, घाटाखाली खोपोलीला नेऊन पाडलं आणि १९१५ पासून त्यावर वीज केली. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. मी तेच पाणी अंगणाबाहेर ढकलायला वीज विकत घेतो, आणि ती पाऊस आला की जाते. एकाच पाण्यावर दोन माणसांचं नशीब किती वेगळं असू शकतं, याचा विचार मी त्या रात्री कंदील धरून बराच वेळ केला.

विजेशिवाय पाणी काढायचं तर वक्रनलिका. शाळेत शिकलेली ही एकच गोष्ट आयुष्यात उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. बागेचा पाइप घ्यायचा, एक टोक तलावात बुडवायचं, दुसरं उतारावर खाली न्यायचं आणि तोंडाने ओढायचं. खालचं टोक तलावाच्या पातळीपेक्षा खाली असेपर्यंत पाणी आपोआप वाहत राहतं. मामांनी लहानपणी ट्रॅक्टरमधलं डिझेल असं काढल्याचं सांगितलं आणि ओढायचा मान मला दिला. क्लोरिन, शेवाळ, जांभळं आणि पावसाळी बेडकांचा एकत्रित अर्क कसा लागतो, हे मी इथे लिहिणार नाही. पण पाणी सुरू झालं. काळोखात, विजेच्या एका युनिटशिवाय, सुळसुळत ते खाली जायला लागलं, आणि आम्ही दोघं धन्य होऊन झोपायला गेलो.

वक्रनलिकेला थांबायचं कळत नाही. आत बुडवलेलं टोक तळापर्यंत गेलेलं होतं. सकाळी पाऊस थोडा ओसरल्यावर पाहिलं तर तलाव फूटभर उतरलेला, आणि खालचं टोक रात्रभर साहेबांच्या आल्याच्या वाफ्यावर होतं.

साहेब स्वतः आले नाहीत. चिठ्ठी आली. विषय : ‘विनापूर्वसूचना विसर्गाबाबत’. खाली वाफ्याचं नाव, क्षेत्रफळ, पाण्याची अंदाजे खोली आणि ‘माहितीस्तव सविनय सादर’. दुपारी त्यांचा राग गेला तेव्हा त्यांनीच येऊन उपाय दाखवला. पाइपाचं आतलं टोक तळाशी सोडायचंच नाही. ते हव्या त्या पातळीला काठाशी सुतळीने बांधून ठेवायचं. पाणी तिथपर्यंत उतरलं की तोंड उघडं पडतं, हवा शिरते आणि विसर्ग आपोआप बंद. इतका साधा उपाय, पण तो सांगताना साहेबांनी तीन धरणांची नावं घेतली.

मेहुणा फोनवर म्हणाला, “भाऊजी, कटकटच नको. सगळा रिकामा करून टाका. ऑक्टोबरमध्ये भरू.” मलाही ते पटायला लागलं होतं. साहेब मात्र ताडकन उठले.

“खबरदार! रिकामा केलात तर उचलला जाईल.”

“कोण?”

“तलाव!”

पावसाळ्यात जमीन पाण्याने फुगलेली असते. तळाखालचं हे पाणी तलावाला वर ढकलत असतं. त्याला दाबून धरतं ते आतलं पाणी, आमच्या बाबतीत सत्तावन्न टन. ते काढून घेतलं तर टबात ठेवलेल्या रिकाम्या वाटीसारखा तलाव वर यायला बघतो. तळाला तडे जातात, फरशा उखडतात. म्हणून पावसाळ्यात तलाव रिकामा करायचा नाही, असं बांधणारे आणि पंपवाले दोघेही सांगतात. थोडक्यात, पाणी जास्त झालं तर वाहून जातं, कमी झालं तर पंप जळतो, आणि सगळं काढलं तर तलावच निघून येतो. हे ऐकून बायको म्हणाली, “अहो, त्यापेक्षा माती घालून भाजी लावू या का?” पण भाजी भाड्याने जात नाही, असं मेहुण्याने पलीकडून कळवलं.

आमच्या उतारावर सगळ्यांचंच असं चालतं. वरच्या बंगल्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या तलावाचं पाणी आमच्याकडे येतं, तेव्हा ते अतिक्रमण असतं. आमचं साहेबांकडे जातं, तेव्हा ते गुरुत्वाकर्षण असतं. साहेबांनी खालच्या कोपऱ्यात गटारावर फरशी टाकून गाडी लावायला जागा केली आहे, म्हणून गटार तुंबतं आणि पाणी उलटं आमच्या पाइपातून आत शिरतं, हा शोध मला उशिरा लागला. मी तो त्यांच्यापुढे अदबीने मांडला. ते म्हणाले, “तो फुगवटा आहे. फुगवट्याचा आणि माझ्या फरशीचा संबंध सिद्ध करावा लागेल.” अलमट्टीच्या वादात दोन राज्यांचे तज्ज्ञ वर्षानुवर्षं हेच करत आहेत, तर मी एकटा कुठे पुरा पडणार? डॉक्टरीणबाईंना मात्र मी त्याच संध्याकाळी पूर्वसूचनेचं महत्त्व पटवून दिलं.

बुडालेला पंप बाजारातल्या रिवाइंडिंगवाल्याकडे नेला. जुलैत या दुकानात आत जायला वाट नसते. दारापासून फळीपर्यंत मोटारी ओळीने मांडलेल्या. सगळ्यांची झाकणं उघडी, आतून काळपट पाणी ठिबकतंय, आणि प्रत्येकीच्या मानेला मालकाच्या नावाची चिठ्ठी सुतळीने बांधलेली. मालक मांडीवर तांब्याची तार घेऊन वेटोळी भरत होता. वर न बघता म्हणाला, “कशाने जळाली?”

“पाण्याने.”

“इथे सगळ्यांच्या पाण्यानेच जळतात. कुठला पूल?”

त्याच्याकडे येणारे सगळे आमच्यासारखेच आहेत, हे ऐकून बरं वाटलं. रांगेत माझ्यापुढे एक रिसॉर्टवाला होता आणि त्याच्यापुढे चिक्कीच्या दुकानाचा मालक. पूल भरून वाहतोय असं मी म्हणालो, तेव्हा त्या दोघांपैकी कोणीही ‘मग पोहा की’ म्हणालं नाही. रिसॉर्टवाल्याने न विचारता मला सरकून स्टूल दिलं.

पंप परत यायला वेळ लागणार होता. दरम्यान मेहुण्याचा मुलगा सुट्टीला आला. बारावीत आहे, त्यामुळे जगातला प्रत्येक प्रश्न त्याला पाच मार्कांचा वाटतो. त्याने काठोकाठ भरलेला तलाव पाहिला आणि म्हणाला, “आतोबा, आर्किमिडीज लावा ना.” ऐंशी किलोचा माणूस पाण्यात पूर्ण बुडाला तर साधारण ऐंशी लिटर पाणी बाजूला सारतो. तलाव काठोकाठ असेल तर ते काठावरून बाहेर जातं. शंभर मिलिमीटर पावसाने आमच्या तलावात सुमारे ४,१८० लिटर पाणी वाढतं. त्याला ऐंशीने भागा. उत्तर : बावन्न माणसं. बावन्न माणसं मावतात का, हेही त्याने पाहिलं. माणशी साडेआठ चौरस फूट जागा येते. मुंबईच्या लोकलमध्ये याहून कमी मिळते आणि तिथे कोणी तक्रार करत नाही. ना वीज, ना पंप, ना हँडलच्या सहा जागा. साहेबांनी आकडेमोड दोनदा तपासली आणि पूर्वसूचनेच्या अटीवर मंजुरी दिली.

तेव्हा एप्रिल-मेमध्ये आमच्या तलावात पोहून, जेवून, ओल्या अंगाने सोफ्यावर बसून गेलेल्या सर्व नातेवाइकांना नम्र विनंती आहे की त्यांनी यंदा जुलैतही यावं. ऑरेंज अलर्ट जाहीर झाला की तोच निरोप समजावा. ऐंशी किलोच्या वरच्यांना प्राधान्य. मात्र सुटं सुटं येऊ नये. एकामागून एक उतरून वर आलात तर पहिल्याने जेवढं बाहेर सांडलं त्यापलीकडे फारसं पाणी हलत नाही. बावन्न जणांनी एकदम उतरायचं आहे, डोक्यासकट, आणि साहेबांची शिट्टी होईपर्यंत वर यायचं नाही. भजी आमच्याकडून. टॉवेल मात्र घरून आणावेत. आमचे जूनपासून वाळलेले नाहीत.